लकव्याच्या रुग्णाला हात कसा लावायचा? (फिजिओथेरपीची हातांची तंत्रं, घरच्यांसाठी)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव जिल्ह्यात काम करतो. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात घरी जाऊन बघायचे रुग्ण जास्त, आणि त्यांत लकव्याचे सगळ्यांत जास्त. दवाखान्यातून सुटी देताना कागदावर एक ओळ लिहिलेली असते, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. घरी त्या ओळीचा अर्थ असा लावला जातो: सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळा आणि हातपाय वरखाली करा. घरचे हे फार मायेने करतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण रुग्ण आढ्याकडे बघत पडलेला असतो आणि त्याचा हात दुसरंच कुणीतरी हलवत असतं. असे महिने निघून जातात.

लकव्यात स्नायूला काही झालेलं नसतं. त्याला हुकूम सोडणारा मेंदूचा भाग रक्त न मिळाल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने निकामी झालेला असतो. त्या भागाच्या आसपासचा आणि दुसऱ्या बाजूचा शाबूत मेंदू ते काम शिकू शकतो, पण केव्हा? माणूस स्वतः हालचाल करायचा प्रयत्न करतो तेव्हा, आणि तो प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो तेव्हा. दुसऱ्याने हलवलेल्या हातातून सांधे मोकळे राहतात, तेही हवंच. हालचाल मात्र त्यातून परत येत नाही. म्हणून आमच्या शास्त्रात हाताचं काम म्हणजे रुग्णाला कमी पडतं तेवढंच देणं, आणि तेही रोज थोडं थोडं काढून घेणं.

खाटेवरून उभं राहण्याचं उदाहरण घ्या. दोन माणसं दोन्ही बगलांत हात घालून रुग्णाला उचलतात, हे सगळीकडे दिसतं. त्याऐवजी असं करा. रुग्णाला खाटेच्या कडेला बसवा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या थोडी मागे हवीत. पावलं पुढे राहिली तर धडधाकट माणसालाही उठता येत नाही. तुम्ही त्याच्या लुळ्या बाजूला समोर बसा. एक हात लुळ्या गुडघ्यावर ठेवून टाचेच्या दिशेने खाली दाबा. त्या दाबाने पायाला जमीन कळते, कारण पुष्कळांना आपलं पाऊल कुठे टेकलंय हेच जाणवत नसतं. दुसरा हात कमरेच्या मागे. मग सांगा, 'पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या, आता उठा.' कमरेवरचा हात फक्त दिशा दाखवतो. उठताना सगळा भार चांगल्या पायावर जात असेल तर तोच हात कंबर हलकेच लुळ्या बाजूला आणतो. पहिल्यांदा अर्धवट उठणं होईल. अर्धवटही चालतं, कारण ते त्याचं स्वतःचं असतं.

या तंत्रांमागे मोठी माणसं आहेत. बर्टा बोबाथ बर्लिनमध्ये व्यायामाच्या शिक्षिका होत्या. नाझींच्या काळात लंडनला आल्या, आणि १९४०च्या दशकात पती डॉ. कारेल यांच्यासोबत त्यांनी कंबर, खांदा, हाताचा अंगठा अशा मोक्याच्या जागी हात ठेवून ताठरपणा सैल करायची आणि हालचाल घडवून आणायची पद्धत बसवली. त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. हर्मन कबाट आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांनी पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन, म्हणजे स्नायू-सांध्यांतल्या जाणिवेला चालना देऊन हालचाल घडवायची पद्धत) उभं केलं, पुढे डोरोथी व्हॉस त्यांना येऊन मिळाल्या. नॉट आणि व्हॉस यांचं पुस्तक १९५६ साली आलं. आपल्या हालचाली सरळ रेषेत होत नाहीत, तिरप्या आणि पिळासह होतात, हे त्यांचं निरीक्षण. म्हणून पीएनएफमध्ये उजवा हात डाव्या कमरेपासून तिरपा वर उजव्या खांद्याच्या बाहेर नेतात, आणि थेरपिस्टचा तळवा त्या वाटेवर बेताचा विरोध देत जातो. मार्गारेट रूड यांनी बर्फ, ब्रश, स्नायूवर टिचक्या, सांध्यावर दाब यांतून स्नायू जागा करायला शिकवलं. सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी लकव्यातली सुधारणा कोणत्या पायऱ्यांनी येते ते मांडलं: आधी लुळेपणा, मग ताठरपणा, मग गठ्ठ्याने होणाऱ्या हालचाली, आणि शेवटी एकेक सुटी हालचाल.

प्रश्न विचारा. आपल्या भागातले अनुभवही लिहा.

शिरपूरची_लेक

दादा, फार बरं केलंत धागा काढलात. माझ्या नानांना डाव्या अंगाला लकवा झालाय. पाय बऱ्यापैकी आलाय, धरून चालतात. पण खांदा कुणालाच हात लावू देत नाहीत, रात्री कण्हतात. खांद्याच्या टोकाखाली बोट घातलं तर खळगा लागतो. एकाने सांगितलं, दाराच्या चौकटीला कप्पी बांधा आणि दोरीने चांगल्या हाताने वाईट हात वर ओढा. करावं का?

तापीकाठ

ताई, कप्पी बांधू नका.

खांद्याचा सांधा उथळ आहे. दंडाचं हाड त्यात टिकतं ते भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. ते स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने हाड खाली घसरतं, तुमच्या बोटाला लागतो तो खळगा त्याचाच. आता दुसरी गोष्ट. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीवरचा फरा फिरल्यामुळे. लकव्यात फरा जागच्या जागी अडकून बसतो. तो अडकलेला असताना दोरीने किंवा मालिश करणाऱ्याने हात वर ओढला की मधल्या शिरा आणि स्नायूबंध दोन हाडांत चिमटतात. रात्रीचं कण्हणं बहुतेक वेळा तिथून येतं.

करायचं ते असं. नानांना उजव्या कुशीवर वळवा. तुमच्या एका हाताने त्यांचा डावा हात कोपराखालून पूर्ण तोलून धरा, लोंबकळू देऊ नका. दुसरा तळवा फऱ्यावर सपाट ठेवा आणि फरा हळूहळू वर आणि पुढे, छातीच्या दिशेने सरकवा. फरा सैल झाल्यावरच हात उचला, तोही खांद्याच्या उंचीपर्यंतच, अंगठा वरच्या दिशेला ठेवून. दुखलं तिथे थांबा. नानांना सांगा, 'खांदा पुढे ढकला'. त्यांच्या बाजूने किंचित जरी जोर आला तरी तुमचा हात तेवढा ढिला करा.

दिवसभराच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. हात धरून ओढून उठवू नका. कमरेला जाड पंचा गुंडाळा आणि आधार देताना तो धरा. बसल्यावर डावा हात उशीवर किंवा स्टुलावर ठेवा. झोळी चालतानाच घाला. दिवसभर घातली तर हात कोपरात वाकूनच बसतो. हाताचा पंजा सुजला, लालसर आणि गरम झाला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि विटेचा शेक देत असाल तर आज बंद करा. लुळ्या बाजूला चटका कळत नाही. भाजलेल्या कातडीचे रुग्ण दर हिवाळ्यात बघतो आणि जीव तुटतो.

गिरणामाई

मी धुळ्याला याच क्षेत्रात आहे. वरचं लिखाण मनापासून आवडलं, पण बोबाथबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जुन्या बोबाथ शिकवणीत विरोध देऊन ताकद वाढवण्याला मनाई होती, ताठरपणा वाढेल म्हणून. पुढच्या संशोधनात ते खरं ठरलं नाही. ताकदीचे व्यायाम केल्याने ताठरपणा वाढत नाही, उलट चालणं सुधारतं. अजूनही कित्येक ठिकाणी रुग्णाला 'जोर लावू नका' असं सांगितलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

'आमच्याकडे अमुक पद्धत आहे' अशा जाहिरातींनाही भुलू नका. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला, ९६ अभ्यास आणि १०,४०१ रुग्ण. लकव्यानंतरच्या फिजिओथेरपीचा उपयोग होतो हे त्यात दिसलं, पण कुठलीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. किती वेळ आणि किती नियमित, याला वजन होतं.

तापीकाठ

गिरणामाई, पूर्ण मान्य. मी बोबाथांकडून हात ठेवायच्या जागा घेतल्या, पीएनएफकडून तिरपी वाट आणि विरोध घेतला, आणि वापरतो ते कामातच, म्हणजे उठणं, वळणं, तांब्या उचलणं. कार आणि शेफर्ड या ऑस्ट्रेलियातल्या दोघींनी १९८०च्या दशकात हेच ठासून सांगितलं: जे काम परत यायला हवं त्याच कामाचा सराव करा. हातांच्या तंत्रांवर माझं प्रेम आहे, पण थेरपिस्टचा हात सहा महिन्यांनंतरही तितकाच लागत असेल तर उपचार कुठेतरी अडलेला आहे, असं मी धरतो.

केळीबाग_रावेर

माझ्या काकांना डॉक्टरांनी स्पंजचा चेंडू दाबायला दिलाय. दिवसभर दाबतात. बोटं आता उघडतच नाहीत.

गिरणामाई

चेंडू दाबताना मूठ वळवणारे स्नायू काम करतात. लकव्यात तेच आधी परत येतात आणि तेच ताठ होतात. मागे राहतं ते उघडणं. चेंडू हे विष नाही, पण काकांना आता उघडण्याचं काम द्या. खाटेवर बसवून त्यांचा तळवा बाजूला सपाट टेकवा, आधी अंगठा बाहेर काढा, मग बोटं. कोपर तुम्ही मागून सरळ धरा आणि त्यांना हळूहळू त्या हातावर भार द्यायला सांगा. मूठ हळूहळू सैल होते, ते तुमच्या हाताला कळेल. सैल झाल्यावर लगेच एखादा पेला टेबलावर ठेवा आणि त्याच्यासाठी मूठ उघडायला लावा. नुसतं सैल करून सोडून दिलं तर थोड्या वेळात पुन्हा घट्ट.

बोटं कधीही झटक्याने उघडू नका. ताठर स्नायूला झटका दिला की तो उलट आवळतो, सावकाश ताणलं की सोडतो.

पारोळा_वेस

माझ्या मायला उजव्या मेंदूत रक्तस्राव झाला. डावा हात मांडीखाली अडकला तरी तिला कळत नाही. ताटातलं उजव्या बाजूचंच खाते. परवा डावा हात तिच्या मांडीवर ठेवला तर म्हणाली, 'हाउ हात मन्हा नही शे, तुन्हा शे.' (हा हात माझा नाही, तुझा आहे.) बाकी बोलणं एकदम व्यवस्थित. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. गावात तर काय काय बोलायला लागलेत.

तापीकाठ

भाऊ, तुमची आई वेडी झालेली नाही आणि बाहेरचंही काही नाही, हे गावात ठणकावून सांगा. उजव्या मेंदूच्या इजेत डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, शरीराच्याही आणि जगाच्याही. दिसत नाही असं नाही, तिकडचं जमेस धरलं जात नाही. फिजिओथेरपीत हा सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी समजून घेतला गेलेला भाग.

इथे हात लावायचा तो आईच्याच हाताने. तिच्या उजव्या हातात जाडाभरडा टॉवेल द्या आणि डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत तिलाच पुसायला लावा. तिचं तेल तिलाच लावू द्या. ज्वारीच्या दाण्यांच्या परातीत दोन्ही हात घालून दाणे चाळायला सांगा. डाव्या मनगटात रंगीत बांगड्या घाला. ताटाच्या डाव्या कडेला लाल फडकं ठेवा आणि सांगा, 'लाल दिसेपर्यंत बघ.' बोलायला सुरुवातीला समोर बसा, मग रोज थोडं डावीकडे सरका. एकदम डावीकडून बोललात तर तिला तुम्ही सापडणारच नाही. चुलीजवळ आणि चाकाच्या खुर्चीत डावा हात कुठे आहे हे तुम्ही बघा.

तिच्याशी अहिराणीतच बोला. दवाखान्यात आम्ही प्रमाण मराठीत लांबलचक सूचना देतो आणि मग लिहितो, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. 'बठ', 'उठ', 'वढ' एवढे छोटे शब्द, हालचालीच्या नेमक्या क्षणी, खणखणीत आवाजात. पीएनएफमध्ये तर आवाज हा उपचाराचाच भाग मानतात.

भुसावळ_उन्हाळा

माझ्या पत्नीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे. वय कमी आहे, त्यामुळे कुणाला पटत नाही. मार्च संपला की पाय जड, डोळ्यांपुढे धूसर. दर वेळी वाटतं आजार वाढला. व्यायाम बंद करावा का?

गिरणामाई

बंद करू नका, वेळ बदला. एमएसमध्ये नसांवरचं आवरण झिजलेलं असतं आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढलं तरी त्या नसांतून संदेश नीट जात नाहीत. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० साली हे नोंदवलं होतं. अंग गार झालं की पूर्ववत होतं, म्हणून ही धूसरता आजार वाढल्याची खूण नाही. पण गार होऊनही चोवीस तासांहून जास्त टिकली तर न्यूरोलॉजिस्टना गाठा. भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथे हा त्रास होणारच. व्यायाम उजाडायच्या आत, कूलरसमोर, मानेवर ओला पंचा. थोडं करायचं, बसायचं, पुन्हा थोडं करायचं.

एक सांगावंसं वाटतं. पीएनएफची सुरुवातच पोलिओ आणि एमएसच्या रुग्णांपासून झाली. अमेरिकन उद्योगपती हेन्री कायझर यांच्या मुलाला एमएस होता, त्याच्यावर कबाट यांनी उपचार केले आणि मग कायझर यांच्या मदतीने त्यांची संस्था उभी राहिली. तुमच्या पत्नीला 'रिदमिक स्टॅबिलायझेशन' उपयोगी पडेल: त्या बसलेल्या किंवा उभ्या असताना खांद्यांवर हात ठेवून हलकेच पुढे, मागे, तिरपं ढकलायचं आणि त्यांनी जागचं हलायचं नाही. जोर बोटभरच. एकदा जवळच्या फिजिओकडून हाताखाली शिकून घ्या.

धडगाव_मास्तर

वाचतोय आणि थोडं खिन्न होतोय. आमच्या पाड्यांवर फिजिओ येणं शक्य नाही. शहाद्याला किंवा नंदुरबारला जायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना पावसाळ्यात लकवा झाला. उजवा हात थोडा हलतो, मनगट उचलता येतं, पण ते सगळं डाव्यानेच करतात. अशा माणसाला काय सांगू?

तापीकाठ

मास्तर, मनगट उचलता येतंय ही फार मोठी गोष्ट आहे. अशाच रुग्णांसाठी एडवर्ड टॉब यांची पद्धत आहे: चांगला हात पिशवीत बांधून ठेवायचा आणि वाईट हाताकडूनच कामं करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांवर. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगला हात बंद. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. घरी इतकं कडक नको, पडायची भीती असते. बसलेलं असताना सकाळ-दुपार काही वेळ डावा हात कापडी पिशवीत बांधा. चालताना सोडा.

कामं घरातलीच द्या. शेंगा फोडणं, बोंडातून कापूस ओढणं, मक्याचे दाणे सोडवणं, तूर निवडणं. बोंडातला कापूस ही तर चिमटीच्या सरावाची उत्तम गोष्ट: जोर कमी, नेमकेपणा जास्त. सुरुवातीला मुलाने मनगटाखाली दोन बोटांचा आधार द्यावा, मनगट वर राहील एवढाच. ते स्वतः राहायला लागलं की बोटं काढावीत. बाईमाणूस असती तर भाकरी थापायला सांगितली असती, पण खरं म्हणजे त्यांनाही सांगा, बोटं उघडायला थापण्याइतकं चांगलं काम नाही.

ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांच्यासाठी एक साधा आरसा उभा धरा, वाईट हात आरशामागे. चांगल्या हाताची हालचाल आरशात बघताना वाईट हातही हलवायचा प्रयत्न करायचा. खर्च आरशाचाच.

महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मी बघू शकतो, मला इथेच निरोप पाठवा. मुलाचे हात कुठे आहेत ते दिसेल असा मोबाइल ठेवा.

केळीबाग_रावेर

एक राहिलं. काकांचा पाय टेकवला की पाऊल आपोआप थडथड उडतं. घरचे खूश आहेत, पायात जीव येतोय म्हणून.

गिरणामाई

तो क्लोनस. पोटरी एकदम ताणली गेली की ताठर स्नायू तसं ठेक्यात उडतो, त्यांच्या इच्छेने ते होत नाही. वाईट बातमी नाही, पण ताकद आल्याची खूणही नाही. तेव्हा गुडघ्यावर तळवा ठेवून टाचेकडे सरळ दाब द्या, टाच पूर्ण टेकली की थांबतं. रोज पोटरी सावकाश ताणा: टाच तुमच्या तळव्यात, पाऊल तुमच्या हाताच्या पुढच्या भागावर टेकलेलं, गुडघा सरळ, आणि तसंच धरून ठेवा. तरीही चालताना टाच टेकतच नसेल तर पायाचा स्प्लिंट लागेल, काही वेळा ताठरपणा कमी करायला बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा बॅक्लोफेनची गोळी. ते डॉक्टर ठरवतील.

शिरपूरची_लेक

दादा, फरा सरकवून पाहिला. नानांनी पहिल्यांदाच हात झिडकारला नाही. लकवा झाल्याबरोबर पहिल्या दिवसापासूनच हे सगळं जोरात केलं असतं तर लवकर बरे झाले असते का?

तापीकाठ

नाही ताई, ते मनातून काढून टाका. २०१५ साली २,१०४ रुग्णांवरचा अभ्यास आला. पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार आणि जास्त हालचाल करवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडी कमीच भरली. पहिल्या दिवसांत कूस बदलणं, हात-पाय नीट ठेवणं, थोडं थोडं बसवणं एवढं पुरतं. भर द्यायचा तो त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत. सहा महिन्यांनंतर वेग कमी होतो, दार बंद होत नाही.

आता फऱ्याबरोबर एक जोडा. नानांना टेबलासमोर बसवा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून टेबलावर ठेवा आणि टॉवेलवरून हात पुढे सरकवायला सांगा, कमरेतून वाकून. फरा आपोआप पुढे येतो आणि खांद्यावर ओढ पडत नाही. तुमचा हात फऱ्यावरच असू द्या. तुम्ही ढकलायच्या आधीच तो तुमच्या हाताखाली सरकायला लागला की मला कळवा, पुढचं सांगतो.